निवृत्त लष्करी ट्रक एम३५ए२ : आठ महिने आणि १९०० मैलांनंतर

मार्चमध्ये मी अमेरिकन लष्कराचा जुना एम३५ए२ ट्रक घेतला. नोव्हेंबर उजाडेपर्यंत तो माझ्या हातून १९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर चाललाय. गाडी मला मनापासून आवडते आणि मी ती विकणार नाही. पण हे लिहायला बसलो ते पहिल्या तीन आठवड्यांमुळे. त्यात जे कळलं ते घ्यायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आम्ही टेक्सासच्या उत्तर टोकाला, शर्मनजवळ राहतो. पाच एकर जागा आहे, त्यातली निम्मी झाडीच. माती, खडी, तोडलेली लाकडं, गवताचे गठ्ठे असं काही ना काही कायम हलवावं लागतं. पिकअप त्याला पुरत नव्हता. आणि खरं सांगायचं तर लहानपणचं वेडही होतंच. सुट्टीत देवळालीला मामाकडे जायचो तेव्हा तोफखान्याच्या शक्तिमान ट्रकांची रांग निघाली की आम्ही पोरं रस्त्याकडेला उभी राहून ट्रक मोजायचो. शक्तिमान जबलपूरला जर्मन एम.ए.एन. कंपनीच्या परवान्यावर बनायचे. माझ्या ट्रकचं इंजिन कॉन्टिनेन्टलचं आहे, पण त्यात डिझेल जाळायची पद्धत त्याच एम.ए.एन.ने काढलेली. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

ज्यांना हा ट्रक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणतात, कारण कच्च्या रस्त्यावर त्याची क्षमता अडीच टनांची. मूळ रचना १९५० च्या आसपासची, रिओ कंपनीची. तीन अ‍ॅक्सल, दहा चाकं (मागच्या दोन अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना जोडचाकं, म्हणून ब्रेकच्या हिशोबात सहाच), बावीस फूट लांबी, रिकाम्या गाडीचं वजन सुमारे ५९०० किलो. सहा सिलिंडरचं ७.८ लिटरचं टर्बो इंजिन, पाच गियर, २४ व्होल्टची वायरिंग. पॉवर स्टिअरिंग नाही आणि किल्लीही नाही. एक खटका वर करायचा, बटण दाबायचं, गाडी सुरू. बंद करताना केबल ओढायची. माझ्याकडे साधं लायसन्स आहे आणि टेक्सासमध्ये तेवढं पुरतं, कारण गाडीचं भारासकट ठरवलेलं वजन २६,००१ पौंडांच्या खाली येतं. तुमच्या राज्याचा नियम आधी बघून घ्या.

आता ब्रेक. तीन अ‍ॅक्सलवर सहा ड्रम आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन. आजच्या साध्या मोटारीतही दोन वेगळ्या लाइन असतात. एक फुटली तर दुसरी धरते. इथे कुठल्याही एका चाकाची नळी फुटली की साही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि पेडल थेट तळाला जातं. ट्रकवर हवेच्या टाक्या दिसतात म्हणून लोकांचा गैरसमज होतो. ती हवा फक्त पायाचा जोर वाढवते. मोठ्या ट्रकांना हवा गेली की आपोआप लागणारे ब्रेक असतात, तसलं यात काही नाही. मग हाती उरतो फक्त हँडब्रेक, आणि तोही मधल्या शाफ्टवरच्या एकाच ड्रमवर लागतो.

ट्रक टेक्सारकानाजवळच्या एका शेतकऱ्याकडे होता. माणूस भला. ब्रेक उत्तम आहेत म्हणाला, आणि त्याच्या आवारात दोन चकरा मारल्या तेव्हा मलाही ते उत्तमच वाटले. मी त्याच दिवशी चालवत घरी यायचं ठरवूनच गेलो होतो. नशिबाने सोबत आमचे शेजारी होते. वय सत्तरीच्या पुढे, लष्करात असताना त्यांनी हेच ट्रक दुरुस्त केलेले. त्यांनी मला गाडीत बसवलं, हवा पूर्ण भरू दिली आणि म्हणाले, आता पेडल अंगातला सगळा जोर लावून दाब आणि मी सांगेपर्यंत सोडू नको. पहिल्यांदा ते टणक राहिलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा माझ्या पायाखाली ते हळूहळू, अगदी शांतपणे खाली सरकायला लागलं.

ते टॉर्च घेऊन ट्रकखाली सरपटत गेले आणि मला बोलावलं. अगदी मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या टायरवर, रिमपासून खाली बोटभर रुंदीची ओली रेघ होती. धूळ त्याच रेघेवर चिकटून काळी झाली होती. बोट लावलं तर तेलासारखं बुळबुळीत, किंचित जांभळट. लष्कर या गाड्यांत सिलिकॉनचं ब्रेक ऑइल घालतं, ते हे. त्यात नेहमीचं ब्रेक ऑइल मिसळायचं नसतं, हेही मला तिथेच कळलं. बाहेरून पाहिलं तर चाक कोरडं ठणठणीत होतं. मी ट्रकभोवती तीनदा फिरलो होतो आणि मला काहीही दिसलं नव्हतं.

तो ट्रक त्या दिवशी हायवेवर काढला असता तर काय झालं असतं, हा विचार अजूनही रात्री कधी कधी येतो.

ट्रक तिथेच ठेवला. पुढचे दोन शनिवार-रविवार त्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी काम केलं. साही चाकांचे सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या, पेडलच्या जोराने सगळीकडे ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर, सगळं नवीन. यात ड्रम काढायचा तर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, खोलावा लागतो, त्याला तीन इंची खास सॉकेट लागतो. हब खोललाच आहे तर बेअरिंगला नवं ग्रीस आणि नवीन सील घालून घ्या. एकट्याने करायचं काम नाही, ड्रम आणि चाकं भयंकर जड आहेत. डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे माहीत नसलेला माणूस पान्ह्याला पाइप लावून नट आणखी घट्ट करत बसतो. आणि रिमला लॉक रिंग, म्हणजे टायर जागेवर धरणारी लोखंडी कडी, आहे. रिम खोलायच्या आधी टायरमधली सगळी हवा काढा आणि परत भरताना चाक त्यासाठीच्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवा. ती रिंग उडाली तर माणूस मरतो. आम्ही टायरचं काम ट्रकच्या दुकानात करून घेतलं. पुढचे दोन्ही टायर त्या वेळीच बदलले. नक्षी भरपूर होती, पण कडेचा तारखेचा आकडा तीनच अंकी होता, म्हणजे टायर २००० सालाच्या आधीचा. पुढचा टायर फुटला तर पॉवर नसलेलं ते स्टिअरिंग हातात राहणं कठीण.

पार्ट्सना ९०० डॉलरच्या आसपास लागले, टायर वेगळे. ट्रकची किंमत ६,८०० होती. व्यवहार करताना हा खर्च गृहीत धरून बोला. कागदावरचा नंबर डॅशवरच्या पाटीशी आणि चेसीवर कोरलेल्या नंबराशी जुळतो का, ते पैसे देण्याआधी बघा. विम्याला दोन कंपन्यांनी नकार दिला. शेवटी जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्यांकडे झाला.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी निघालो. मुद्दाम रविवार, मुद्दाम दिवसाउजेडी. इंटरस्टेट टाळून यूएस ८२ घेतला. साधारण १५५ मैल, मोठा चढ-उतार नाही. सौ. मागून आमची मोटार घेऊन, इशाऱ्याचे दिवे लावून. वॉकीटॉकी दोघांकडे. मोबाइलवर भिस्त ठेवू नका, ट्रकच्या आवाजात रिंग ऐकूच येत नाही. कमरेचे पट्टे मी आधीच बसवून घेतले होते, कारण मुळात या ट्रकला पट्टेच नाहीत. सुरू केल्यावर हवेचा बझर वाजतो, तो पूर्ण थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही.

पहिला थांबा दहा मैलांवर. उतरलो आणि साही हबना हाताचा तळवा लावत गेलो. पाच कोमट होते. पुढच्या उजव्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ब्रेकचा लायनर घासत होता. तिथेच रस्त्याच्या कडेला जॅक लावून तो जरा सैल केला. न्यू बोस्टनला परत हात लावून पाहिला, तोपर्यंत बाकीच्यांसारखा झाला होता. नटही तिथे एकदा ताणून घेतले. मग क्लार्क्सव्हिल, मग पॅरिस. टेक्सासमधल्या या पॅरिसला लाल काउबॉय टोपी घातलेला आयफेल टॉवर आहे. त्याच्याजवळ थर्मासमधला चहा घेतला, तेव्हा कुठे माझे खांदे सैल पडले.

हनी ग्रोव्हच्या पुढे पावसाची सर आली. वायपर हवेवर चालतात आणि काच जेमतेम पुसतात. लष्करी नक्षीचे टायर चिखलात राजे आहेत, पण ओल्या डांबरावर त्यांचा भरवसा नाही. वेग ताशी तीस मैलांवर आणला, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवलं. एरवी वेग ४५. पाटीवर कमाल ५६ लिहिलंय, पण ४५ ला इंजिन आणि चालवणारा दोघेही सुखी असतात. मागे गाड्या साचल्या की जागा बघून बाजूला व्हायचं. सव्वापाच तास लागले.

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, आणि हीच मोठी गोष्ट. एकदाही रस्त्यात अडकलो नाही. गॅलनला नऊ मैल, म्हणजे लिटरला चार किलोमीटरच्या खाली. इंजिन ऑइल मात्र वीस लिटरच्या वर लागतं, तेव्हा बदलायचा खर्च धरून चाला. आवाज प्रचंड आहे. टर्बोची शीळ पहिला आठवडा गोड वाटते, मग कानात बोळे घालावेच लागतात. ऑगस्टमध्ये केबिनमध्ये वीस मिनिटांच्या वर बसवत नाही. जूनमध्ये इंजिनाच्या पंपाजवळून डिझेल झिरपायला लागलं, अर्ध्या दिवसात काम झालं. इतक्या वर्षांनीही पार्ट्स मिळतात आणि दुरुस्तीची लष्करी पुस्तकं इतकी स्पष्ट आहेत की पान उघडून तसंच करत जावं. रोज संध्याकाळी हवेच्या टाक्यांतलं पाणी काढतो. किल्ली नसल्यामुळे स्टिअरिंगला साखळी आणि कुलूप. मेच्या वादळात पडलेलं ओकचं झाड तीन फेऱ्यांत हलवलं, त्याला पिकअपने आठवडा गेला असता.

रोज कामावर जायला ही गाडी घेऊ नका. ज्याच्या जवळ जागा नाही, हत्यारं नाहीत, त्यानेही नको. पण जमीन असेल आणि हात काळे करायची तयारी असेल तर या पैशात इतकं काम करणारं दुसरं काही मला माहीत नाही.

सप्टेंबरमध्ये इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीचं विसर्जन या ट्रकवरून झालं. हौद्यात मूर्ती आणि तिला धरायला दोघे, बाकी सगळे पायी. पहिल्या गियरमध्ये, चालीच्या वेगाने, तळ्यापर्यंत. आदल्या दिवशी शेजारी स्वतः आले होते. मला सीटवर बसवलं, हवा भरू दिली आणि म्हणाले, दाब. साठ सेकंद मोजले. पेडल तसूभरही हललं नाही.