सहलीपेक्षा तासासाठी: माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान

मुंबईतील शाळांना वर्गाबाहेर पर्यावरण शिकवायचे असेल, तर कोठे न्यावे, असे सहकारी शिक्षक विचारतात तेव्हा मी प्रथम महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचे नाव घेते. धारावी बस आगाराजवळ, शीव-वांद्रे लिंक रोडला लागून आणि मिठी नदीच्या काठाने पसरलेले हे ३७ एकरांचे उद्यान बहुतेक मुंबईकर ‘माहीम नेचर पार्क’ या नावाने ओळखतात. झोपाळे, नौकाविहार किंवा पिंजऱ्यातले प्राणी पाहायला मिळतील, या अपेक्षेने येणाऱ्या मुलांची येथे निराशा होईल. परंतु ‘परिसर अभ्यास’ या पुस्तकातील अर्धे धडे ज्या एका जागी उभे राहून शिकवता येतील, अशी दुसरी जागा मला शहराच्या मध्यभागी तरी ठाऊक नाही.

या जागेचे सगळे मोल तिच्या इतिहासात आहे. सत्तरच्या दशकापर्यंत येथे मुंबईचा कचरा टाकला जात असे. तो टाकणे थांबल्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या निसर्ग संवर्धन संस्थेच्या पुढाकारातून येथे निसर्ग शिक्षणासाठी उद्यान करण्याची कल्पना आकाराला आली, १९८३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते वृक्षारोपणाचा प्रारंभ झाला आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. म्हणजे आज ज्या सावलीतून मुले चालतात, ती सावली देणारे प्रत्येक झाड माणसांनी कचऱ्यावर माती पसरून लावले आणि जगवले आहे. मुलांना हे आधी सांगू नये, असे माझे मत आहे. आधी त्यांना तासभर जंगल पाहू द्यावे आणि मग पायाखाली काय आहे ते सांगावे. त्यानंतर येणारा प्रश्न ठरलेला असतो: मग आता आपला कचरा कोठे जातो? देवनार आणि कांजूरमार्ग ही नावे तेव्हा प्रथमच त्यांच्या कानांवर नीट पडतात, आणि घरातून बाहेर गेलेला कचरा नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्या कोणाच्या शेजारी जाऊन पडतो, ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पायवाटांवरून चालताना घाई करू नये. फुलपाखरे दाखवायची असतील, तर उडणाऱ्या फुलपाखराच्या मागे मुलांना पळवण्यापेक्षा त्याच्या अळीचे झाड शोधायला लावणे अधिक फलदायी ठरते. बिबळ्या कडवा या फुलपाखराची मादी रुईवर अंडी घालते, हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळावर वाढतात, तर महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले नीलवंत लिंबाच्या कुळातील झाडांवर अवलंबून असते. हे एकदा कळले की, ‘झाडे लावा’ या घोषणेपुढे ‘कोणती झाडे?’ हा प्रश्न मुलेच जोडतात, आणि शोभेसाठी लावलेली परदेशी झाडे व येथल्या मातीतील झाडे यांतील फरक त्यांना पाठ करावा लागत नाही. ज्या मुलांना वर्गात दहा मिनिटे एका जागी बसवत नाही, ती एका पानाच्या मागच्या बाजूकडे किती वेळ निश्चल पाहू शकतात, हे प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी अनुभवावे.

मिठी नदीच्या बाजूची कड मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि दुर्दैवाने अनेक गट तेथे सर्वांत कमी थांबतात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून सुरू होणारी ही सुमारे १८ किलोमीटरची नदी माहीमच्या खाडीला मिळते. ओहोटीच्या वेळी तिचा वास येतो, गाळात अडकलेले प्लास्टिक दिसते, आणि पलीकडच्या तीरावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उभ्या असतात. वासामुळे नाक दाबून मुले मागे सरतात, पण त्यांना तेथून लगेच हलवू नये. चिखलातून वर आलेली तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळे दाखवावीत आणि प्राणवायू नसलेल्या गाळात मुळांनी श्वास कसा घ्यायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. खाऱ्या पाण्यातून आलेले मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकते, हेही सांगावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचे पाणी वस्त्यांत शिरले, ते आजच्या विद्यार्थ्यांच्या जन्मापूर्वीचे असले, तरी त्यांच्या घरातील मोठ्यांनी भोगलेले आहे. नदीचे पात्र अरुंद करणे आणि खारफुटी बुजवणे यांचे परिणाम समजावण्यासाठी याहून योग्य जागा सापडणार नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. हे निवासी केंद्र नव्हे. रात्रीचे आकाश, तंबू, दोरावरची चढाई असे काही हवे असेल, तर अन्यत्र जावे. मोठे, मूळचे जंगल अनुभवायचे असल्यास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेले बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे गोरेगावचे संवर्धन शिक्षण केंद्र अधिक योग्य आहे, कारण तेथील झाडे कोणी आखून लावलेली नाहीत. रस्त्याचा आवाज येथे पूर्णपणे थांबत नाही, त्यामुळे पक्ष्यांचे आवाज ओळखण्याचा पाठ घ्यायचा असेल, तर सकाळी लवकर पोहोचण्याचा प्रयत्न करावा. शिवाय ३७ एकरांत दीडशे मुलांची रांग एकदम सोडली, तर कोणालाच काही दिसत नाही. वीस-बावीस मुलांमागे एक जाणकार मोठा माणूस, हे प्रमाण पाळता येत नसेल, तर भेट दोन दिवसांत विभागावी, हा माझा आग्रह आहे. सहलीच्या बसमध्ये रिकामी जागा राहू नये म्हणून तीन तुकड्या एकत्र कोंबण्याची आपल्या शाळांची पद्धत या जागेवर अन्याय करणारी आहे.

शाळांइतकाच उपयोग ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट आणि गृहनिर्माण संस्था यांना होऊ शकेल, याची जाणीव मात्र फार थोड्यांना आहे. पावसाचे पाणी साठवण्याची येथील व्यवस्था सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहावी. कागदावरच्या आराखड्याने न पटलेली गोष्ट साठवलेले पाणी समोर दिसल्यावर पटते. धारावीतील वस्त्यांमधील मुलांना तर हे उद्यान चालत येण्याच्या अंतरावर आहे, आणि मोकळी जमीन ज्यांच्या वाट्याला सर्वांत कमी आली आहे, त्यांच्या गटांना येथे प्राधान्य मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते. धारावी पुनर्विकासाच्या चर्चेत या उद्यानाचे नाव आले, त्याची जमीन त्यात जाईल अशी भीती निर्माण झाली आणि हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा ज्यांनी आवाज उठवला, त्यांचे शहराने आभार मानले पाहिजेत.

फुलपाखरांसाठी पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचे काही आठवडे, तर पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. एप्रिल-मेमध्ये लहान मुलांना दुपारी नेऊ नये. पूर्ण बाह्यांचे कपडे, पाण्याची बाटली, वही आणि पेन्सिल पुरेशी आहे; डासांसाठी मलम जवळ असावे आणि पुडक्यांतला खाऊ घरीच ठेवावा. गटभेटीची वेळ, शुल्क आणि मार्गदर्शकाची उपलब्धता यांविषयी उद्यानाच्या कार्यालयाशी आधी बोलून घ्यावे, आणि बोलताना आपण कोणत्या इयत्तेचा कोणता धडा घेऊन येत आहोत, तेही सांगावे.