दांडिया बाजारातली को-वर्किंगची माडी: नेट बेताचं, शुक्रवार उत्तम

घरून काम करणाऱ्याच्या खात्यात पगार पोचतो. आपलं काम कुठे पोचलं, ते मात्र कळत नाही. बडोद्यातली ही को-वर्किंगची, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या लोकांनी एकत्र बसून काम करायची, जागा ते कळावं म्हणूनच घ्यावी. नुसती टेबल-खुर्ची हवी असेल तर घरचं डायनिंग टेबल काय वाईट?

इथे सोमवारी पोस्टकार्डाएवढी तीन कार्डं मिळतात. त्यावर कामाचं नाव नाही, ते कोणाच्या हाती जाणार ते लिहायचं. ‘इनव्हॉइस मॉड्यूल’ नव्हे, ‘महिनाअखेरीला बिलं काढणाऱ्या अकाउंटंट बाई’. शुक्रवारी चारला पाच-सहा जण कार्डं घेऊन बसतात, प्रत्येकी 10 मिनिटं. नवे लोक हमखास कामांची यादी वाचतात आणि बाकीचे मोबाइल काढतात. कार्डावरच्या माणसाला आठवड्यात एक फोन करून ‘कुठे अडतंय?’ एवढं विचारलेलं असलं, तरच बोलायला काही असतं. ग्राहकाशी थेट बोलायची कंपनीत मुभा नसेल, तर सपोर्टवाल्यांकडून त्या आठवड्याच्या दोन तक्रारी मागून घ्याव्यात.

आता खोट. वीज गेली की राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण बाहेरून इंटरनेट आणणारा फायबरचा डबा बंद पडतो. म्हणून वाय-फायचे दांडे पूर्ण दिसतात, पण कॉल तुटतो! दोन्ही इन्व्हर्टरच्याच बोर्डावर घ्यायला सांगा. तोवर हॉटस्पॉट तयार ठेवा, तासाभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण 1 जीबी धरून. काचेच्या फोन-खोलीला झरोका नाही, मे महिन्यात 15 मिनिटांच्या वर बसवत नाही.

चहा ठीक. सेव-उसळ खाली उतरून खा.