चामड्याची सॅडल आणि पाऊस: कव्हर घालावं की मेण मुरवावं?

सायकलच्या चामड्याच्या सॅडलला, म्हणजे सीटला, पावसापासून वाचवायचे मुख्य मार्ग फिरून फिरून दोनच उरतात. एक तर तिला वरून कव्हर घालायचं, नाहीतर चामड्यातच मेण मुरवून तिला पावसात जाऊ द्यायचं. तिसरा मार्ग म्हणजे ओल्या दिवसांपुरती ती काढून ठेवायची आणि रबरी सॅडल बसवायची. तिन्ही मी वापरले आहेत. सायकल कुठे उभी राहते, किती वेळ चालवली जाते, मडगार्ड आहेत की नाहीत यावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे माझं म्हणणं काळ्या दगडावरची रेघ समजू नका. पण मत आहे, आणि ते कसं बनलं ते सांगतो.

मुळात नुसत्या भिजण्यानं सॅडल मरत नाही. भिजलेल्या सॅडलवर बसून राहिल्यानं मरते. नाकापासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या पट्टीपर्यंत ताणून बसवलेला जाड चामड्याचा एक तुकडा, खाली कसलाच आधार नाही, अशी ही रचना. कोरडं असताना ते चामडं वजन पेलतं. पाण्यानं मऊ पडलं की त्याचे तंतू एकमेकांवरून सरकायला लागतात, आणि त्या अवस्थेत वजन पडलं तर सॅडल खाली ओघळते, बाजू फाकतात. मग वाळल्यावर तिचा तोच बिघडलेला आकार कायम होतो. उलट चिंब भिजलेली सॅडल कुणी न बसता सावलीत सावकाश वाळू दिली, तर ती बरीचशी पूर्वीसारखी होते. म्हणून मला महत्त्वाचे वाटतात ते दोन प्रश्न: पाणी शिरतं कुठून, आणि शिरलेलं बाहेर पडतं कसं?

शिरतं ते मुख्यतः खालून. सॅडलची वरची बाजू गुळगुळीत, पॉलिश केलेली असते. तिच्यावर पाण्याचा थेंब थोडा वेळ तरी टिकतो. खालची बाजू म्हणजे कातड्याची मांसाकडची बाजू, खरखरीत, उघडी, टीपकागदासारखी पाणी ओढून घेणारी. सायकल चालत असताना वरच्या बाजूवर आपण बसलेलो असतो, म्हणजे तिच्यावर आपलंच छप्पर असतं. त्याच वेळी मागचं चाक रस्त्यावरचं पाणी आणि बारीक चिखल उचलून थेट सॅडलच्या पोटावर मारत असतं. ओल्या फेरीनंतर सायकल उलटी करून पाहा. वरचा रंग जेमतेम बदललेला असतो, आणि खाली मागच्या रिव्हेटच्या (चामडं पट्टीला पक्कं करणाऱ्या खिळ्यांच्या) रांगेपासून मधल्या भागापर्यंत काळपट ओला डाग पसरलेला असतो, त्यात वाळूचे कण रुतलेले.

आता कव्हर. त्याची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. सायकल उघड्यावर उभी असेल आणि सॅडल कोरडी असेल, तर कव्हरसारखं काही नाही. उभ्या सायकलवर पाऊस वरूनच पडतो, आणि मागे नमूद केलेलं छप्पर तेव्हा नसतं. सॅडलच्या मधल्या खोलगट भागात पाणी साचून राहिलं तर पॉलिशही फार वेळ तग धरत नाही. शिवाय कव्हर स्वस्तातलं काम आहे, घडी करून खिशात मावतं, आणि तातडीच्या वेळी साधी प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून बांधली तरी भागतं. शिलाई असलेल्या कव्हरमध्ये सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं, इतकं फक्त घेताना पाहावं. शिवण वरच्या बाजूला असेल तर ते कव्हर नकोच.

माझं बिनसलं ते पुढे. कव्हर गृहीत धरतं की आत ठेवायची वस्तू कोरडी आहे. पावसाळी हवेत ती कोरडी कधी असते? तुम्ही पावसातून येता, सायकल लावता, आकाश अजून गळतंय. सॅडल खालून भिजलेली, वरून दमट. खिशातून कव्हर काढता, तेही मागच्या वेळच्या पाण्यानं आतून ओलसर. हात ओले, पुसायला फडकं कोरडं नाही. अशा वेळी कव्हर चढवलं तर ओल आत कोंडली जाते. नाही चढवलं तर वरून आणखी भिजते. मी चढवत असे. दुसऱ्या दिवशी इलॅस्टिक नाकावरून सोडवलं की आधी कुबट वास यायचा आणि मग चामड्याला हात लागायचा तो थंडगार, घामेजलेला. बाहेर पाऊस थांबून कितीतरी वेळ झालेला असायचा, सायकलचे हँडल, फ्रेम सगळं सुकलेलं, आणि एकटी सॅडल ओली. दोन-चार दिवस असंच गेलं की रिव्हेटच्या कडेनं आणि शिक्क्याच्या खाचांत पांढरी बुरशी धरायची. पातळ व्हिनेगरच्या फडक्यानं ती निघते, पण डाग मागे राहतो आणि वास त्याहून जास्त.

ही एकच गोष्ट माझ्यासाठी निर्णायक ठरली. पाणी अडवायला लावलेली वस्तू पाणी कोंडत होती. कुणी म्हणेल, सॅडल पुसून, थोडी वाळवून मग कव्हर घालावं. बरोबर आहे. ज्यांना आडोसा आहे त्यांना ते जमेलही. पण आडोसा असेल तर कव्हर लागतंच कशाला?

कव्हर घालूनच सायकल चालवणारेही आहेत. ते मला पटत नाही, पण त्यांचं कारण समजतं: फिकट पँटला चामड्याचा रंग लागू नये. ओल्या चामड्यातून रंग आणि टॅनिन (चामडं कमावायला वापरलेलं द्रव्य) दोन्ही सुटतात, हे खरं. मात्र कव्हरच्या नायलॉनवर बसलं की माणूस पुढे घसरतो. मग हातांनी हँडलला रेटा देऊन मागे सरकत राहायचं, आणि तासाभरात मनगटं बोलायला लागतात. चामडं जे धरून ठेवतं, ज्यासाठी आपण ही सॅडल घेतली, तेच कव्हरखाली हरवतं. आणि सॅडलच्या पोटावर येणारं चाकाचं पाणी त्यानं अडतच नाही.

मेण मुरवण्याचा मार्ग कष्टाचा वाटतो, पण कष्ट एकदाच आहेत. ब्रुक्स या सॅडल बनवणाऱ्या कंपनीचं प्रूफाइड हे ड्रेसिंग बहुतेकांना माहीत असतं: चरबी, कॉड माशाचं तेल, मधमाश्यांचं मेण आणि सिट्रोनेला तेल, म्हणून तो ओळखीचा वास. दुसरं एखादं मेणप्रधान ड्रेसिंगही चालतं. जोर ‘मेण’ या भागावर द्या. नुसती तेलं, विशेषतः बूट मऊ करायला वापरतात ते नीट्सफूट किंवा मिंक ऑइल, मी सॅडलपासून लांब ठेवतो. बूट मऊ झाला तर बरंच, सॅडल मऊ झाली तर ती संपली. तिला मऊपणा नको, पाणी झटकण्याची ताकद हवी आणि ताठपणा टिकायला हवा.

म्हणून माझी वाटणी अशी: वर थोडं, खाली भरपूर. वरच्या बाजूला बोटाच्या टोकावर येईल तेवढं मेण, पातळ पसरायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी सुती फडक्यानं चकाकी येईपर्यंत घासायचं. जास्त लावलं तर वरचा थर चिकट राहतो, धूळ धरतो आणि पँटला लागतो. खालच्या बाजूला मात्र हात आखडता घेऊ नये. आधी कोरड्या ब्रशनं वाळू काढायची, मग जुन्या टूथब्रशनं मेण खरखरीत तंतूंमध्ये घासून भरायचं, कडा आणि रिव्हेटच्या मुळाशी दोनदा. सॅडल आणि मेण दोन्ही किंचित कोमट असतील तर ते छान आत उतरतं; सावलीतल्या उबदार जागी थोडा वेळ ठेवणं पुरतं. तांब्याच्या रिव्हेटभोवती काही दिवसांनी हिरवट चिकट राळ दिसते. ती बुरशी नव्हे. मेणातल्या स्निग्ध आम्लांची तांब्याशी झालेली ती क्रिया आहे, पुसून टाकावी.

लोखंडी रेल्स, म्हणजे सॅडलखालच्या सळ्या, गंजत असतील तर तिकडेही लक्ष हवं. वनस्पतिजन्य टॅनिननं कमावलेलं ओलं चामडं गंजाला टेकलं की निळसर काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. जुनी काळी शाई टॅनिन आणि लोखंडाच्या क्षारांपासूनच बनायची, तीच ही क्रिया. रेल्सना आणि बोल्टला मेणाचं तेच फडकं फिरवलं तरी पुरेसं होतं.

मेण मुरवलेली सॅडल भिजत नाही असं मी म्हणणार नाही. लांबच्या संततधारेत तीही ओली होते. फरक असा की ती ओली होते हळूहळू, आणि वाळायला मोकळी असते. घरी आलं की कोरड्या फडक्यानं टिपायचं, सायकल हवेशीर जागी लावायची, पंखा असेल तर पंख्यासमोर. हीटर नको, हेअर ड्रायर नको, कडक ऊनही नको. टॅनिननं कमावलेलं चामडं ओलं असताना ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास आक्रसायला लागतं, आणि ड्रायरची गरम हवा जवळून मारली तर तिथवर सहज पोहोचते. त्यानंतर ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि नाकापाशी चिरतं.

पण या मार्गाची एक अट आहे, आणि ती मी स्पष्टच सांगेन: मागचं पूर्ण लांबीचं मडगार्ड हवं. मेण आणि मडगार्ड हे मी एकच समजतो. ब्रुक्स ही कंपनी १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झाली, तिची बी-१७ ही सॅडल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनते आहे, आणि नायलॉनचा शोध लागला १९३५ साली. तोवर इंग्लंडच्या पावसात या सॅडल धावतच होत्या, आणि ज्या रोजच्या वापराच्या सायकलींवर त्या बसलेल्या असत त्यांना पूर्ण मडगार्ड असत. ज्यांच्या फ्रेमला मडगार्ड बसत नाही त्यांनी रेल्समध्ये अडकवायची प्लॅस्टिकची पट्टी लावावी किंवा मागे सॅडलबॅग टांगावी. दोन्हींनी पोटावरचा मारा बराच कमी होतो. सॅडलला मधे खाच असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण तिथून पाणी नुसतं चामड्याला लागत नाही, थेट तुमच्यापर्यंत येतं.

रबरी सॅडलबद्दल थोडक्यात. ब्रुक्सचीच कँबियम २०१३ पासून आहे, रबरावर सुती कापड, आणि पुढे नायलॉनच्या कापडाची ऑल वेदर आवृत्तीही आली. सुती कापड थोडं पाणी धरून ठेवतं. पावसासाठीच घ्यायची असेल तर नायलॉनचीच बरी. काळजी जवळजवळ शून्य. बसायलाही वाईट नाही. माझ्या अंगाला मात्र ती पूर्ण मानवली नाही. चामडं जसं हळूहळू आपल्या हाडांना जागा करून देतं तसं ती करत नाही, आणि ऋतू बदलला की सीटची उंची, कोन पुन्हा जुळवत बसावं लागतं. ज्यांची सायकल दिवसरात्र उघड्यावर असते, वाळायला जागाच नाही, त्यांना मी तरीही हीच सुचवेन. तिथे मेणही हरतं.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांची सायकल रात्री तरी छपराखाली येते त्यांनी, मेण आणि मडगार्ड यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. कव्हर बॅगेत असू द्या. कोरडी सॅडल तासभर उघड्यावर सोडून जायची वेळ आली तर ते घाला आणि परत आल्याबरोबर काढा. माझ्याकडेही आहे, त्याच कामापुरतं.

चामड्याचा ताण वाढवणाऱ्या नाकाखालच्या बोल्टविषयी शेवटचं. पावसातून आल्यावर सॅडल सैल वाटते आणि हात पान्याकडे जातो. ओली असताना तो नट फिरवू नका. मऊ पडलेलं चामडं तेवढ्यानं ताणलं जातं आणि वाळताना रिव्हेटच्या भोकांवर ओढ बसते. पूर्ण वाळू द्या, दोन दिवस लागले तरी लागू देत. तोपर्यंत बहुधा ती आपोआप घट्ट झालेली असते. नसलीच तर पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग वर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा: गोल राहिला तर मेण शाबूत आहे, पसरून चामडं काळवंडलं तर पुढच्या पावसाआधी फडकं आणि डबी काढायला हवी.