किलोमीटर बरोबर, वेळेचं विचारू नका (विमानतळांमधलं अंतर सांगणारी साइट)

तीन स्टार देतेय, ते पण फक्त अंतरासाठी. ताई नागपूरला असते, वर्षातून दोनदा तरी जाणं होतंच, यंदा आईला घेऊन विमानाने जायचं ठरलं आणि आईचा पहिला प्रश्न, "किती वेळ बसावं लागेल गं?" म्हणून ही साइट उघडली. मुंबई आणि नागपूर टाकलं की लगेच उत्तर, ६८३ किमी, ३६९ नॉटिकल माइल, वेळ १ तास २१ मिनिटं. वर टाइम झोनचा फरक शून्य तास, हे पण सांगते बरं का 😄

अंतर बरोबर आहे, सरळ हवेतून मोजलेलं. गंमत म्हणजे समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा, म्हणजे रस्ता किती सरळ काढलाय बघा, आणि आपली विदर्भ एक्सप्रेस भुसावळवरून फिरून जाते ती सीएसएमटीपासून ८३७.

वेळेचं मात्र गौडबंगाल आहे. चार-पाच ठिकाणं टाकून बघितली तेव्हा कळलं, अंतराला ८०० ने भागतात आणि वर अर्धा तास चिकटवतात, झालं. जातानाची आणि येतानाची वेळ पण सेम. अहो थंडीत वर पश्चिमेकडून केवढं वारं असतं, नागपूरला जाताना ते पाठीशी आणि येताना तोंडावर, मग सेम कशी असेल? शिवाय मुंबईचे दोन रनवे एकमेकांना कापून जातात, एकावेळी एकच वापरता येतो, त्यामुळे उतरायच्या आधी आकाशात घिरट्या व्हायच्याच, त्यात कुणाची चूक नाही पण वेळ तर जातोच ना. म्हणून बघायची ती तिकिटावरची वेळ, ती गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, आमच्या तिकिटावर १ तास ३५ होती. हवेत प्रत्यक्ष किती होतो ते मी मोबाइलवर लावून बघितलं, चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत १ तास ६ मिनिटं. आईचा अर्धा लाडू शिल्लक होता अजून.

आणि घरापासूनचं गणित तर कुठलीच साइट सांगत नाही. डोंबिवलीहून सव्वासहाला निघालो, घाटकोपरपर्यंत फास्ट लोकल, तिथून मेट्रोने मरोळ नाका, तिथे खाली उतरून भुयारी मेट्रो आणि पुढचंच स्टेशन टी टू, म्हणजे विमानतळाचं टर्मिनल दोन (हे मात्र झकास झालंय, रिक्षावाल्यांची मनधरणी नाही). मग चेकइन, सिक्युरिटी, बसून राहा, दहा दहाचं विमान. ताईच्या दारात पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. साडेसहा तास! विदर्भने जास्त लागतात पण कल्याणला चढलं की रात्रभर झोपून, आईला अजूनही तेच पटतं.

बाकी साइट साधी आहे, लॉगिन वगैरे मागत नाही, जाहिराती मात्र मधे मधे येतात. गोवा टाकलं की आपोआप दाबोळी विमानतळ धरते, दुसरं मोपाचं हवं तर स्वतः लिहा, सावंतवाडीवाल्यांनी लक्षात ठेवा. आणि नवी मुंबई टाकलं तर सापडतच नाही, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालंय त्याचं! आम्हा डोंबिवलीकरांना तेच तर बघायचं होतं. ते टाकलं की एक स्टार वाढवीन.