धरमपेठेतील गणिताचा वर्ग: प्रमेय उत्तम शिकवले, छापील नोट्स मात्र जपून वापराव्यात

एम.एस्सी. आणि नेट-सेटच्या (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या) विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या धरमपेठेत शनिवार-रविवारी चालणाऱ्या एका खासगी वर्गात मी मेझर थिअरीचा, म्हणजे लांबी-क्षेत्रफळ या कल्पनांच्या व्यापक गणिताचा, भाग केला. बॉलवरील (बॉल म्हणजे एका बिंदूपासून ठरावीक अंतराच्या आतला भाग: रेषेवर अंतराल, प्रतलात वर्तुळ) सरासऱ्यांवरून मूळ फंक्शन परत कसे मिळवावे, या प्रकरणात शिकवणाऱ्याचा कस लागतो, म्हणून हा अभिप्राय त्याच प्रकरणापुरता आहे.

लेबेगचे प्रमेय (एका मितीत १९०४, अनेक मितींत १९१०) असे सांगते की, प्रत्येक मर्यादित भागावर इंटिग्रेबल (ज्याच्या निरपेक्ष किमतीचे इंटिग्रल सांत येते अशा) फंक्शनची एखाद्या बिंदूभोवतीच्या बॉलवरील सरासरी, त्रिज्या शून्याकडे नेली असता, जवळजवळ प्रत्येक बिंदूवर (शून्य मापाचे अपवाद सोडून) फंक्शनच्या किमतीला येऊन मिळते. सातत्यपूर्ण फंक्शनसाठी हे उघडच आहे. बाकीच्यांसाठी मूळ फंक्शनच्या जवळचे सातत्यपूर्ण फंक्शन घेऊन उरलेली चूक हार्डी-लिटलवूड मॅक्सिमल फंक्शनने (बिंदूभोवतीच्या सगळ्या बॉलवरील, निरपेक्ष किमतीच्या सरासऱ्यांची वरची मर्यादा देणाऱ्या फंक्शनने) आवरावी लागते. बहुतेक ठिकाणी विटालीचे लेमा (एकमेकांत घुसलेल्या बॉलमधून परस्परांना न छेदणारे निवडण्याचे सहायक प्रमेय) इथे नुसते उद्धृत करून पुढे जातात. सरांनी मात्र फळ्यावर एकमेकांत घुसलेली बरीच वर्तुळे काढली, त्यांतले सर्वांत मोठे रंगीत खडूने निवडले, त्याला छेदणारी सगळी पुसून टाकली, आणि पुसलेले प्रत्येक वर्तुळ निवडलेल्याच्या तिप्पट त्रिज्येत मावत होते हे दाखवून मगच ३ⁿ (n म्हणजे मितींची संख्या) हा स्थिरांक लिहिला. तो कुठून येतो, हा प्रश्न त्यानंतर कोणाला विचारावा लागला नाही.

तक्रार आहे ती नोट्सविषयी. ‘बॉलवरील सरासऱ्यांवरून फंक्शन निश्चित होते’ असे मोघम वाक्य त्यांत चौकटीत छापले असून, त्रिज्या शून्याकडे न्यायची की एकच ठेवायची, याचा त्यात उल्लेखच नाही. त्रिज्या r कायम ठेवली, तर sin(πx/r) या फंक्शनची 2r लांबीच्या प्रत्येक अंतरालावरील सरासरी शून्य येते, कारण अंतरालात बरोबर एक आवर्तन बसते. म्हणजे हे फंक्शन आणि शून्य फंक्शन यांत फरकच कळत नाही. फंक्शन संपूर्ण रेषेवर इंटिग्रेबल असेल तर फूरिये रूपांतरामुळे (फंक्शन लहरींत मोडून पाहण्याच्या पद्धतीमुळे) एक त्रिज्याही पुरते. ते नसेल तर दोन त्रिज्या घ्याव्यात: त्यांचे गुणोत्तर अपरिमेय असले, की दोन्हींवरील सरासऱ्या मिळून फंक्शन ठरवतात. प्रतलात हीच अट बेसेल फंक्शन J₁ च्या (वर्तुळाकार लहरींच्या गणितात येणाऱ्या एका फंक्शनच्या) शून्यांच्या, म्हणजे ते जिथे शून्य होते त्या बिंदूंच्या, गुणोत्तरांवर जाते, आणि पोंपेयूचा १९२९ चा प्रश्न (एखाद्या आकृतीच्या हलवलेल्या सर्व प्रतींवरील इंटिग्रल्सवरून फंक्शन ठरते का) याच वाटेवरचा आहे. एवढे सगळे शिकवावे असे नाही, पण साइनचे उदाहरण दोन ओळींचे आहे आणि बहुपर्यायी प्रश्नांत विद्यार्थी नेमका अशाच जागी फसतो.

बॉलऐवजी वाटेल त्या दिशेचे आयत घेतले, तर बाउंडेड फंक्शनसाठीसुद्धा प्रमेय कोसळते, हे तासाला ओझरते सांगितले गेले. पुरावा दिला नाही, आणि परीक्षेच्या वर्गाकडून ती अपेक्षाही नाही.

फी वाजवी आहे, शंका विचारायला तासानंतर वेळ मिळतो आणि सर मराठीतच समजावतात. परीक्षेसाठी मी हा वर्ग निःसंकोच सुचवेन. मात्र नोट्समधील चौकटीतल्या विधानांशेजारी तासाला सांगितलेल्या अटी हाताने लिहून घ्याव्यात, कारण सर त्या तोंडी सांगतात आणि छापील पानावर त्या नाहीत.