साडेनऊशेचा ओबीडी स्कॅनर: ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधी एकदा लावून बघा

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा डबा. रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते खाली येईल.

गाडी 2013 ची पेट्रोल सेदान, 1 लाख 12 हजार किमी झालेत. गेल्या पावसाळ्यानंतर तिला एक खोड लागली, सिग्नलला उभी राहिली की आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा साडेसातशेवरून साडेपाचशेला, मग एकदम हजाराला, परत खाली, याला हंटिंग म्हणतात. चालताना काही त्रास नाही, हायवेला तर मस्त, ॲव्हरेजही फारसं कमी झालं नव्हतं म्हणून मी महिनाभर कानाडोळा केला. मग एके दिवशी नाशिकला द्वारकेच्या सिग्नलला एसी चालू असताना लागोपाठ दोनदा बंद पडली, मागच्या रिक्षावाल्याने जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि घरी पोचेपर्यंत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला होता.

एका मोठ्या चकाचक गॅरेजला नेली. स्कॅनिंगचे 800 रुपये घेतले, पाच मिनिटांत दिवा घालवला आणि म्हणाले ऑक्सिजन सेन्सर उडालाय, साडेसहा हजार होतील, बदलून टाकू का? कोड कुठला आला विचारलं तर “लीनचा आहे सर” एवढंच. मी म्हटलं कळवतो. दोन दिवसांत दिवा परत. तेव्हा वैतागून हा ब्लूटूथवाला स्कॅनर मागवला, 950 रुपये, काडेपेटीपेक्षा जरा मोठा डबा. आत ईएलएम 327 चिप असं लिहिलंय. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची होती, पण या भावात जे मिळतं ते सगळं तिची नक्कल असतं हे गृहीत धरूनच घ्या. घेताना एक बघा, ज्याच्यावर 2.1 व्हर्जन लिहिलंय त्यात बऱ्याचदा अर्ध्या कमांड चालत नाहीत, 1.5 वाला बघून घ्या.

लावायला सोपा आहे. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ 16 पिनचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा, चावी ऑन, फोनवर ब्लूटूथ, पिन 1234, झालं. आयफोनवाल्यांनी मात्र हा साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, जोडला जाणार नाही, तुम्हाला वायफायवाला किंवा बीएलई लिहिलेला लागेल. ॲप मी टॉर्क वापरलं.

कोड निघाला पी 0171. अर्थ एवढाच की बँक एकमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पहिल्या रांगेत, मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी. आता गंमत बघा, हे कॉम्प्युटरला सांगितलं कोणी? ऑक्सिजन सेन्सरनेच. तो सायलेन्सरच्या पाइपात बसून जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते बघतो, पेट्रोल जास्त असेल तर 0.9 व्होल्टच्या आसपास, कमी असेल तर 0.1 च्या आसपास. ठणठणीत सेन्सर गरम इंजिनवर या दोन टोकांत सारखा वर खाली नाचत असतो आणि माझा नाचत होता! म्हणजे बिचारा पोस्टमन वाईट बातमीची तार घेऊन आला आणि गॅरेजवाले त्यालाच नोकरीवरून काढा म्हणत होते.

खरा पैसा वसूल पुढे झाला, फ्युएल ट्रिम नावाच्या आकड्यात. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मेकॅनिक कान लावून स्क्रू ड्रायव्हरने स्लोचा स्क्रू फिरवायचा ना, आता तेच काम ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेकंदाला कितीतरी वेळा करतो. आत किती हवा आली ते मॅफ सेन्सर मोजतो, इंजिन किती तापलंय ते कूलंटचा सेन्सर सांगतो, किती फिरतंय ते क्रँकचा सेन्सर, त्यावरून हिशोब करून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरतं. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, हा वेळ दोन-तीन मिलिसेकंद असतो, म्हणजे डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याच्या कितीतरी कमी. टार्गेट असतं 1 किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा. मग ऑक्सिजन सेन्सरचा रिपोर्ट बघून हिशोबात जी दुरुस्ती करावी लागते ती टक्क्यांत दिसते, तीच फ्युएल ट्रिम. एक शॉर्ट टर्म, ती लगेच बदलते, आणि एक लाँग टर्म, ती ईसीएम सवयीने लक्षात ठेवतो. दोन्हींची बेरीज शून्याच्या इकडेतिकडे दहाच्या आत असेल तर काळजी नाही.

माझी आयडलला निघाली अधिक 27. म्हणजे सेन्सरचा रिपोर्ट जागेवर यायला हिशोबापेक्षा सव्वापट पेट्रोल ओतावं लागतंय. मग गाडी न्यूट्रलला ठेवून बायकोला ॲक्सिलरेटर 2500 वर धरायला लावला (ती अजून यावरून टोमणे मारते), तर आकडा खाली येऊन अधिक 6 ला थांबला. इथं माझी ट्यूब पेटली. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर पेट्रोलची मागणी वाढली की आकडा आणखी वर गेला असता. आयडलला जास्त आणि रेसला कमी, याचा अर्थ कुठूनतरी चोरून हवा आत जातेय. आयडलला इंजिन एकूण हवाच इतकी थोडी घेतं की चोरीची हवा मोठा वाटा खाते, रेसला तीच गळती किरकोळ होऊन जाते. आणि ही हवा मॅफ आणि इंजिनच्या मधूनच आत शिरत असल्यामुळे मोजलीच जात नाही, कॉम्प्युटरच्या वहीत तिची नोंदच नाही.

एक सांगायचं राहिलं, ही युक्ती सगळ्या गाड्यांना लागू नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅफ नसून मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीतला, दाब बघतो, त्यामुळे गळतीची हवासुद्धा त्याच्या हिशोबात येते आणि तिथं लीन कोडऐवजी आयडलच वर चढून बसते. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी ॲपमध्ये बघा.

हंटिंग का होत होतं तेही मग समजलं. माझ्या गाडीला ॲक्सिलरेटरची केबल नाही, आयडलला थ्रॉटलचा बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, ईसीएमच मोटरने किंचित उघडा ठेवतो. चोरीची हवा आल्याने तो बटरफ्लाय जवळजवळ बंद करून बसला होता, एसीचा कॉम्प्रेसर लागायच्या आधी जी थोडी जास्त हवा द्यायची ती देतानाही अंदाज चुकत होता, आणि दरम्यान स्पार्कचं टायमिंग पुढे मागे करून काटा सावरायचा प्रयत्न करत होता, कारण हवा यायला वेळ लागतो, स्पार्क लगेच बदलता येतो. बाहेरून आपल्याला दिसतो फक्त नाचणारा काटा.

हे सगळं डब्याने सांगितलं का? नाही, आकडे त्याने दिले, पाइप शोधला सातपूरच्या एका जुन्या मेकॅनिक काकांनी. त्यांना मी मोबाइलवरचे आकडे दाखवले, त्यांनी चष्मा वर करून बघितलं, “बरंय” म्हणाले आणि रबरी पाइपचा एक तुकडा एका कानाला लावून दुसरं टोक मॅनिफोल्डभोवती फिरवायला लागले, डॉक्टरसारखं. दहा मिनिटांत सापडलं. इंजिनच्या वाफा मॅनिफोल्डमध्ये नेणारा पीसीव्हीचा पाइप, खालच्या वाकणात तडकलेला, वरून अजिबात दिसत नव्हता. पक्कडने तो दाबून धरला आणि काटा जागेवर. “साहेब, सेन्सर नाय उडला, पाइप उडलाय.” पाइप 240 रुपये, मजुरी 300, त्यातही चहा त्यांनीच पाजला.

नवीन पाइप टाकून स्टार्ट केली तर सुरुवातीला गाडी आणखीच बिघडल्यासारखी, काटा खाली बसतोय, थोडा पेट्रोलचा वास. घाबरलो. काका म्हणाले जुनी सवय आहे तिची. खरंच होतं, लाँग टर्ममध्ये जादा पेट्रोल पाठ झालेलं आणि बटरफ्लाय अजून बंदकडेच. ॲपमधून कोड क्लिअर केला की बहुतेक गाड्यांत ती पाठ केलेली ट्रिमही पुसली जाते, ते केलं, दोन दिवस नेहमीसारखी चालवली, आता बेरीज अधिक 3 आणि आयडल 740 ला गोंद लावल्यासारखं.

म्हणूनच त्या मोठ्या गॅरेजचा राग येतो. कोड आला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती तापलेलं होतं, लोड किती होता, हे सगळं फ्रीझ फ्रेममध्ये साठलेलं असतं. त्यांनी न बघता दिवा घालवला आणि तेही पुसलं. तुम्ही कुठेही नेलीत तरी क्लिअर करायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढून घ्या, फुकट आहे.

आता कापलेला स्टार. एक म्हणजे हा डबा स्लो आहे, चार-पाच आकडे एकदम लावले की ग्राफ रखडतो. फुकटच्या ॲपवर एबीएस, एअरबॅग काही दिसत नाही, फक्त इंजिन. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही गाड्यांना रीलर्न, म्हणजे आयडल नव्याने शिकवणं, करावं लागतं, तेही याच्याने होत नाही, त्याला कंपनीचा महागडा स्कॅनर पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सॉकेटच्या 16 नंबरच्या पिनला बॅटरीची थेट लाइन असते, चावी काढली तरी डबा चालूच राहतो. मी गावाला गेलो आणि तसाच विसरलो, 11 दिवसांनी परत आलो तर सेंट्रल लॉकसुद्धा उघडेना, शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावून स्टार्ट करावी लागली. तेव्हापासून तो ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो.