गॉर्जियसवरचा ऑडिओ कोर्स: घ्या, पण शेवटची पानं स्वतः वाचा

प्राचीन ग्रीक विचारातलं वक्तृत्व, न्याय आणि नीती यावरचा एक ऑडिओ कोर्स काल ऐकून संपवला. आठ भाग आहेत, त्यातले पाच एकट्या प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादावर. घ्यावा का असं विचाराल तर हो, नक्की घ्या, पण एक मोठी खोट आहे ती पुढे सांगते.

सुरुवात एकदम बरोबर जागेवरून केलीय. इ.स.पू. ४२७ मध्ये सिसिली बेटावरच्या लिओन्टिनी शहराचा वक्तृत्वशिक्षक गॉर्जियस शेजारच्या सिराक्यूज शहराविरुद्ध मदत मागायला दूत म्हणून अथेन्सला येतो आणि त्याच्या बोलण्यावर लोक फिदा होतात. अथेन्सच्या कोर्टात आपली बाजू आपणच उभं राहून मांडायची असायची, भाषण दुसऱ्याकडून लिहून घेतलं तरी बोलायचं स्वतःच, आणि समोर शेकडो ज्युरी, त्यामुळे बोलता येणं हा तिथे जगण्यामरण्याचा प्रश्न होता हे कोर्स पहिल्या अर्ध्या तासात मनात ठसवतो. सॉक्रेटिसवरच्या इ.स.पू. ३९९ च्या खटल्यात तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो, असं प्लेटोचा सॉक्रेटिस म्हणतो, तेही इथेच येतं.

मग संवाद. गॉर्जियस सांगतो की माझा भाऊ वैद्य, पण पेशंट औषध घ्यायला तयार नसला की त्याला पटवतो मी. सॉक्रेटिसचं उत्तर म्हणजे ती प्रसिद्ध तुलना: औषधाच्या जागी चमचमीत खाणं, व्यायामाच्या जागी नटणं, कायदे करण्याच्या जागी सोफिस्टांची, म्हणजे पैसे घेऊन शिकवणाऱ्या फिरत्या गुरूंची, शिकवण आणि न्यायाच्या जागी वक्तृत्व. चारही खुशामतीचे प्रकार, कारण माणसाचं भलं कशात आहे ते न बघता त्याला काय गोड लागेल तेवढंच बघतात. हे समजावून सांगताना शिक्षकांनी घाई केलेली नाही, त्याबद्दल मनापासून आभार.

पण खरी कमाई म्हणजे वाचन. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज आहे आणि कॅलिक्लीसचं, म्हणजे संवादात सॉक्रेटिसला सर्वात कडवा विरोध करणाऱ्या अथेनियनचं, काम करणाऱ्याने त्याला खलनायक केलेलं नाही. कायदे दुबळ्यांनी एकत्र येऊन केलेत, सिंहाचे छावे लहानपणीच पकडून माणसाळवतात तसं आपण उत्तम माणसांना 'समानता म्हणजेच न्याय' असं शिकवून वाकवतो, हे तो इतक्या ताकदीने बोलतो की मला रेकॉर्डिंग थांबवून विचार करावा लागला. आणि नंतर तोच माणूस वैतागून म्हणतो की आता तूच बोल, तूच उत्तरं दे, आणि सॉक्रेटिस एकटाच प्रश्न विचारून एकटाच उत्तरं देत राहतो. पुस्तकात हे नजरेतून सुटतं हो, कानाने ऐकताना ती शांतता टोचते, कारण दुसऱ्याला पटवल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस इथे कुणालाच पटवू शकलेला नाही. ऐकताना अक्षरशः गलबलून आलं.

आता तक्रार. संवादात गॉर्जियसचा शिष्य पोलस मॅसेडोनियाचा राजा आर्केलाऊस याची गोष्ट सांगतो: काका मारला, चुलतभाऊ मारला, सात वर्षांच्या सावत्र भावाला विहिरीत बुडवलं आणि त्याच्या आईला सांगितलं की हंसामागे धावताना पडला, आणि तरी तो राजा, तरी सुखी. सॉक्रेटिस म्हणतो, अन्याय करणं हे सोसण्यापेक्षा वाईट आणि शिक्षेतून सुटणं त्याहूनही वाईट. कोर्समध्ये ही गोष्ट इथेच संपते. संवादात ती संपत नाही! अगदी शेवटी मेलेल्यांच्या न्यायाची कथा आहे, आधी माणसं जिवंतपणी, कपड्यांनिशी, साक्षीदार घेऊन न्यायाला यायची म्हणून निकाल चुकायचे, मग देवांचा राजा झ्यूस ठरवतो की मेल्यावर आणि उघड्यानेच यायचं, न्यायाधीशसुद्धा उघडा, आत्म्याने आत्मा बघायचा. खोट्या शपथांचे आत्म्यावरचे वळ तिथे दिसतात, आणि सॉक्रेटिस स्पष्ट म्हणतो की पोलस सांगतो ते खरं असेल तर आर्केलाऊस तिथे असणार. म्हणजे वक्तृत्वाला जागाच नाही असं हे एकमेव कोर्ट, आणि कोर्सने ते "एक दंतकथा" म्हणून दोन मिनिटांत उरकलंय. इतकं छान काम करून हे का केलं कळत नाही.

ॲरिस्टॉटललाही एकच भाग मिळालाय. तो वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात वक्तृत्वाला तर्कचर्चेचं 'ॲन्टिस्ट्रोफॉस' म्हणजे जोडीदार म्हणतो, आणि प्लेटोने हाच शब्द वक्तृत्व आणि स्वयंपाक यांची जोडी लावताना वापरलाय, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

सोबतच्या नोट्समध्ये परिच्छेदांचे स्टेफानस क्रमांक (प्लेटोच्या सगळ्या आवृत्त्यांत सारखेच असणारे पानांचे आकडे) नाहीत, त्यामुळे भाषांतरात जागा शोधताना जीव जातो. शेवटची कथा वाचायची असेल तर ५२३ पासून ५२७ पर्यंत बघा, आर्केलाऊस ५२५ मध्ये आहे.